सुरू करील त्यानंच थांबवायचं

४ ऑगस्ट, रविवार

आज 'कोंबडी' संपेचना.

नेहमीसारखे सगळे आपल्या बैठकीत जमले. चहा झाला, व्हायोलिनच्या तारा लावून झाल्या, यांनी पायानं ठेका धरला अन् 'कोंबडी' सुरू केली. (स्कॉटलंडात त्या चालीला भलतंच लांबलचक नाव आहे. आमच्या स्कॉटिश डॉ.बाई शिकवत होत्या तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात कोंबडी शिरली, म्हणून आमच्यात 'कोंबडी'.) तीन-चार फेऱ्या झाल्या की हे डावा पाय उचलतात, मग ती फेरी पुरी करून सगळे एकदम थांबतो. आज पाय उचललाच नाही. फेरीवर फेरी. अस्मा माझ्याकडं बघायला लागली, मी फ्रान्सिसभाऊंकडं. भाऊंनी डोळे मिटून घेतलेले.

या चाली गोल असतात, तीच पंचाईत. शेवट जाऊन सुरुवातीला चिकटतो. कुणी थांबवलं नाही तर थांबायला जागाच नाही. अन् आमचा नियम डॉ.बाईंच्या वेळेपासूनचा: जो सुरू करील त्यानंच थांबवायचं. दुसऱ्यानं मध्येच गज उचलायचा नाही, मग घराला आग का लागेना.

शेवटी यांना ठसका लागला म्हणून सुटलो. बिराजदार बोटं झाडत म्हणाले, "सर, गाडीला ब्रेक हाय का न्हाई?" सगळे हसले. हे पण हसले. मला काही हसू आलं नाही.

७ ऑगस्ट, बुधवार

सकाळी व्हायोलिन पुसायला घेतलं होतं यांनी. बघते तर गजाच्या केसांना लावायची राळ तारांवर घासून राहिले. सगळ्या तारा पांढऱ्याफक. हात तोच, वर्षानुवर्षं रोज राळ लावणारा.

ते आंघोळीला गेल्यावर कापूस अन् स्पिरिट घेऊन पुसून काढलं. दुपारी सहज विचारल्यासारखं विचारलं, काल कुणाचा फोन आला होता हो? तर अंगावर आले. "परीक्षा घेऊन राहिलीस का माझी?"

हाव. घेऊनच राहिले. नर्सच्या नोकरीतून रिटायर झाले, डोळा काही रिटायर होत नाही.

१८ ऑगस्ट, रविवार

पुन्हा तेच. या वेळी लाईट गेली, पंखा बंद पडला, यांनी दचकून वर पाहिलं अन् थांबले. वीज मंडळाला जन्मात पहिल्यांदा आशीर्वाद दिला.

सगळे गेल्यावर रिकाम्या खुर्च्या उचलताना जीव कसातरी झाला. एके काळी बैठकीत माणूस मावत नव्हतं, अंगणापर्यंत व्हायोलिनं. 'स्कॉटलंडवाल्यांचं घर' म्हणून रिक्षावाले पत्ता ओळखायचे. आता पाच जण. हे, मी, ट्रॅक्टरच्या पार्टच्या दुकानातले बिराजदार, बी.एड. करणारी अस्मा, अन् औशाहून एसटीनं येणारे फ्रान्सिसभाऊ. बाकीचे कुणी पुण्याला, कुणी भिंतीवर फोटोत.

भाऊ तेवढे आमच्या दवाखान्याच्या दिवसांतले. ते जीपचे ड्रायव्हर, हे एक्स-रेवाले, मी शिकाऊ नर्स. हदगावच्या पलीकडं, चहूकडं कापूस, संध्याकाळी करमणूक म्हणजे डॉ.बाईंची फिडल. त्या व्हायोलिनला फिडलच म्हणायच्या. यांनी शिकून घेतलं, मग यांनी मला शिकवलं. लग्न कसं जमलं म्हणून कुणी विचारलं की हे सांगतात, "तिला दुसरा सूर धरायला दुसरं कुणी मिळंना."

जाताना भाऊ दारात थांबले. "सिस्टर, सरांना दाखवून घ्या कुणाला तरी." अजून सिस्टरच म्हणतात. मी म्हटलं, बघू. जसं काही मला कळलंच नाही.

५ सप्टेंबर, गुरुवार

लाज गेली आज.

औशाला भाऊंच्या नातीच्या शाळेत शिक्षक दिन. दरवर्षी बोलावतात. मुख्याध्यापक दरवर्षी प्रेमानं ओळख करून देतात अन् दरवर्षी स्कॉटलंडला आयर्लंड म्हणतात. यांनी 'मोतीबिंदू' सुरू केली. (डोळ्यांच्या कॅम्पात शिकलो ती.) पोरं टाळ्या पिटायला लागली, मग नाचायला. मग दमली, खाली बसली. मग हसायला लागली. मुख्याध्यापक माइक घेऊन आले, "धन्यवाद, धन्यवाद" म्हणाले. यांनी मान डोलावली अन् पुढची फेरी धरली. शेवटी बिचाऱ्यानं आमच्या वाजवण्यावरच भाषण सुरू केलं. मग शिपायानं पडदा ओढला.

पडद्यामागं आम्ही पाच जण वाजवतोच आहोत! बाहेर भाषण, आत 'मोतीबिंदू'. यांची तार तुटली तेव्हा कुठं थांबलं.

बाहेर पिंपळाखाली बिराजदार म्हणाले, "वहिनी, आपण तरी थांबायचं होतं."

"मग तुम्ही का न्हाई थांबलात?"

"सर एकटे पडले असते की हो तिथं."

तेच. प्रत्येकाच्या मनात तेच. आपण थांबलो तर पाचशे पोरांपुढं हे एकटे वाजवत राहतील, उघडे पडतील. म्हणून झाकायला वाजवत राहिलो, अन् झाकता झाकता सगळ्या शाळेला दाखवून बसलो. शहाणे आम्ही.

परत येताना बिराजदारांच्या जीपमध्ये हे खुशीत. म्हणाले, "बरा झाला ना कार्यक्रम? पडदा जरा लवकर टाकला त्यांनी."

१२ सप्टेंबर, गुरुवार

मेंदूच्या डॉक्टरांकडं जाऊन आलो. पोरगेलाच डॉक्टर आहे, पण चांगला. यांना बायकोचं नाव विचारलं, तर ताठ होऊन म्हणाले, "सुमन. स्टाफ नर्स." महिना विचारला तर गप्प.

यांना बाहेर बसवून मला सांगितलं. मी आधीच ओळखलेलं होतं तेच. हळूहळू वाढत जाईल, औषधानं थोडा वेग कमी होईल, मावशी तुम्ही तर याच लाइनमधल्या. हाव रे बाबा, याच लाइनमधली. म्हणून तर मेले. दुसऱ्या बाईला पुढचं ठाऊक नसतं, तिला दिवसाचा दिवस काढता येतो. मला पुढची प्रत्येक पायरी ठाऊक आहे. वॉर्डात असल्या माणसांची पाठ पुसली, त्यांना घास भरवले, त्यांच्या बायकांना सांगितलं की धीर धरा. काय धीर धरतात ते आता कळेल.

रिक्षात यांनी फाइल हातात घेतली. "कुणाचा रिपोर्ट हाय हा?"

तोंडातून निघून गेलं, "माझा."

यांनी फाइल मांडीवर नीट ठेवली, माझा हात धरला. "भिऊ नको. मी हाय ना."

घरी येईपर्यंत हात सोडला नाही. मी सगळा रस्ता बाहेर बघत राहिले.

१५ सप्टेंबर, रविवार

मंडळी आली तशी यांनी दारातच सांगितलं, "सुमनला बरं नाही. डोक्याचं दुखणं निघालंय. तिला सांभाळून घ्या." अस्माचं तोंड उतरलं. मग स्वयंपाकघरात तिला खरं सांगितलं तर ओट्याला टेकून रडायला लागली. "काकू, सर हर हप्ते मेरेकू पूछते, पढाई कशी चाललीय. कुछ तो याद रहता ना उनको?" मी म्हटलं, राहतं की. रड आता पटकन अन् कप विसळ.

महिना-वार विसरतात, पण मी आजारी आहे हे विसरत नाहीत. पाणी आणून देतात. मी वाकले की ओरडतात.

२९ सप्टेंबर, रविवार

भांडण झालं. हे न्हाणीत गेले तेवढ्यात.

बिराजदार म्हणाले, यापुढं चाली दुसऱ्या कुणी सुरू कराव्यात. म्हणजे थांबवणं पण त्याच्या हातात. सर आपले वाजवतील सोबत, त्यांना त्रास न्हाई, कुणाला त्रास न्हाई. सरळ हिशेबाची गोष्ट.

फ्रान्सिसभाऊ असे कधी चिडत नाहीत. "सुरुवात काढून घेतली तर माणसाजवळ राहतं काय? जेवण विसरला, पैसा विसरला, बस विसरला. एवढी एक गोष्ट त्याला न विचारता येते. ती पण घ्या!"

"येते कुठं, भाऊ? अर्धीच येते."

"मग अर्धी राहू द्या."

दोघंही खरं बोलत होते. माझ्याकडं बघायला लागले. मीच का? बायको म्हणून का? मी म्हटलं, मला विचारू नका, मी आजारी आहे. बिराजदार हसले न् मग त्यांच्याच डोळ्यात पाणी आलं.

१२ ऑक्टोबर, शनिवार

विहारात गेलो. यांना पांढरे कपडे घातले, लई छान दिसत होते. वंदना सगळी तोंडपाठ म्हटली. मला वाटलं, बघा, कुठं काय झालंय यांना.

खीर घ्यायला बसलो तर बायका एकेक करून माझ्याजवळ. पाठीवरून हात फिरवतात. एकीनं तर सीताफळं आणून दिली. यांनी पुरुषांच्या बाजूला सगळ्यांना सांगून ठेवलेलं, सुमनचं आता काही खरं नाही. आता काय करू, प्रत्येकीला खरं सांगत बसू? सीताफळं घेतली. गोड निघाली.

२७ ऑक्टोबर, रविवार

मंडळींना नका येऊ म्हटलं. दिवाळीची कामं असं कारण दिलं.

आता रोज वाजवतात. चहा झाला की व्हायोलिन काढतात अन् मला हाक मारतात. नाही गेले तर हाकांवर हाका. गेले तर सुटका नाही. खांदा आधीच धरलेला, आता रात्री कुशीवर होता येत नाही. शेजारच्या पाटलीणबाई भिंतीपलीकडून भांडी आपटतात.

प्र.चा पुण्याहून फोन. "आई, व्हायोलिन लपवून ठेव ना. चार दिवस शोधतील अन् विसरतील पप्पा."

पोरीचं चुकतंय असं नाही. पण तिला कसं सांगू. वाजवताना हे असतात. पहिल्यासारखे, पुरे. भुवई उडवून चिडवतात मला, मी बेसूर गेले की. तेवढ्यापुरता माझा माणूस घरी येतो. गज खाली ठेवला की बसतात मग भिंतीकडं बघत. मी लपवू काय? मी तर खांदा जळेस्तोवर वाजवते, की थोडा वेळ आणखी.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

आजचं आजच लिहून ठेवते.

नळाला पाणी आलं होतं सकाळी. मी मागं भरत होते. भरून आत आले तर दार उघडं, हे नाहीत, व्हायोलिनची पेटी नाही. सगळी कॉलनी पालथी घातली. बिराजदारांनी दुकान बंद करून गंजगोलाईचा बाजार, रेल्वे स्टेशन, सगळं बघितलं. उद्या मतदान, पोलीस बंदोबस्तात, चौकीवरचा म्हणतो, येतील बाई, म्हातारी माणसं येतात फिरून.

दुपारी फोन आला. नांदेडच्या बसस्टँडवरून, एका चहावाल्याचा. पेटीच्या झाकणात मी नंबर चिकटवलेला होता. "आजोबा इथं वाजवून राहिलेत. हदगावची गाडी लागली की जायचंय म्हणतात, ड्यूटी हाय म्हणतात. पण गाडी लागली तर उठनात. थांबतच न्हाईत हो."

बिराजदारांची जीप. अहमदपूर, लोहा, रस्ता संपता संपेना. पोचलो तर फलाटाच्या कडेला माणसांचा घोळका, मध्ये हे. 'कोंबडी'. पुढ्यातल्या पेटीत लोकांनी चिल्लर टाकलेली. बोटांची टोकं फुटून तारेवर रक्त वाळलेलं. कधीपासून वाजवत होते कुणास ठाऊक. कुणी व्हिडिओ काढतंय.

समोर जाऊन म्हटलं, अहो, चला घरी. गोड हसले. मला ओळखलं का, सांगता येत नाही. वाजवणं चालूच. मी वेडीसारखा त्यांच्यापुढं डावा पाय उचलला. हो, उचलला, भर स्टँडवर. त्यांनी बघितलंसुद्धा नाही. का बघावं? मी कुठं सुरू केली होती?

मग मी गज धरला. त्यांनी ओढला. मी सोडला नाही. त्यांनी दुसऱ्या हातात होतं तेच फिरवलं, व्हायोलिनच. माझ्या डोळ्याखाली बसलं.

घोळक्यातनं कुणीतरी म्हणालं, "कोण हो ही बाई, कशाला तरास देऊन राहिली म्हाताऱ्याला?"

बिराजदारांनी पाठीमागून मिठी मारून यांना उचललं. जीपमध्ये शांत झोपले, डोकं माझ्या दुखऱ्या खांद्यावर.

२० नोव्हेंबर, बुधवार

डोळा काळानिळा. मतदानाला तसाच घेऊन गेले. शाईवाली पोरगी बोटाऐवजी डोळ्याकडंच बघत होती.

घरी आल्यावर यांचं लक्ष गेलं. उठून उभे राहिले. "कुणी मारलं तुला? नाव सांग. नाव सांग मला त्याचं!"

म्हटलं, दार लागलं.

"खोटं बोलू नको. आजारी बाईवर हात उचलतो, कसला माणूस हाय तो?"

चप्पल घालून निघाले त्याला शोधायला. मिठी मारून धरावं लागलं.

२४ नोव्हेंबर, रविवार

मंडळी आली. वाजवलं नाही, यांच्या बोटांना पट्ट्या. हे आत झोपलेले. बिराजदार जुना विषय काढणार म्हणून मी आधीच बोलले. म्हटलं, पुढच्या रविवारी चाल मी सुरू करते.

फ्रान्सिसभाऊंनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "सिस्टर, एकदा घेतलं की परत देता येत नसतं हे."

"नांदेडला तुम्ही नव्हता, भाऊ."

"न्हवतो," म्हणाले. "करा."

मी रागानं बोलले. राग कुणावर, ते कळत नाही. डॉ.बाईंवर असेल. स्वतः कधीच मायदेशी जाऊन मातीत मिळाल्या, अन् नियम ठेवून गेल्या आमच्या बोकांडी.

१ डिसेंबर, रविवार

केलं.

एवढ्या वर्षांत मी एकही चाल सुरू केलेली नाही. कायम दुसरा सूर, यांच्या मागून. गज तारेवर ठेवला, पहिलं इंजेक्शन देताना सुई धरली होती तसा. यांच्याकडं बघितलंच नाही. ठेका धरला अन् 'कोंबडी' सुरू केली.

पहिल्या फेरीला कुणीच आलं नाही सोबत. मी एकटी. मग अस्मा आली, मग बिराजदार, भाऊ. हे बघत बसलेले. वाटलं, आता उठून ओरडतात. तर यांनी व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं अन् खालून शिरले. खालचा सूर धरला! डॉ.बाई वाजवायच्या तेव्हा हे असा सूर धरायचे म्हणे, माझ्या आधीच्या दिवसांत. मी कधी ऐकलाच नव्हता. काय गोड, काय भरीव. मला घेऊन चालल्यासारखा. अन् डोळे माझ्या पायावर. शिकाऊ पोरानं गुरूच्या पायाकडं बघावं तसे.

वाटलं, राहू द्यावं चालू. पण बिराजदार दमले होते, यांच्या बोटाची एक पट्टी सुटली होती. मी पाय उचलला.

सगळे एकदम थांबले. हे पण. इतकं स्वच्छ, इतकं बरोबर, की बिराजदार "यप्पा!" म्हणून ओरडलेच. अस्मा टाळ्या वाजवत उठली.

यांनी गज सैल केला. तारांवरची राळ फडक्यानं पुसली. व्हायोलिन पेटीत ठेवलं, कड्या लावल्या. एकही चूक नाही. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "जमलं की तुला. आता काळजी न्हाई."

आज पहिल्यांदा पोटभर जेवले मी. प्र.ला फोन करून सांगितलं, पप्पा थांबले!

४ डिसेंबर, बुधवार

चहानंतर हाक मारली नाही. काल पण नाही, परवा पण नाही. आज मीच पेटी उघडून पुढ्यात ठेवली. यांनी झाकण लावून टाकलं.

"वाजवायचं न्हाई का?"

"झालं की ते," म्हणाले.

८ डिसेंबर, रविवार

मंडळी आली. हे पाहुण्यासारखे खुर्चीत बसले. बिराजदारांना म्हणाले, "आपलं गाव कोणतं?" त्यांनी निलंगा म्हणून सांगितलं, इतक्या शांतपणे, जसं पहिल्यांदाच विचारलंय.

मी सुरू केलं. यांच्या हातात व्हायोलिन द्यायला गेले तर दोन्ही हात मांडीखाली घेतले. पोरं घेतात तसे. पाहिलंसुद्धा नाही माझ्या पायाकडं. पाय उचलला, थांबलो, यांनी सभ्यपणे टाळ्या वाजवल्या.

भाऊ काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

१३ डिसेंबर, शुक्रवार

घरात आवाज नाही. पाटलीणबाईंनी भाजी आणून दिली, म्हणाल्या, बरं झालं बाई, सरांना आराम पडला. प्र. पण तेच. "बरं झालं ना आई, शांतता." मी फोन आपटला. शांतता! तुझ्या शांततेला घालायचंय काय चुलीत? त्या गोंगाटातच तर सापडत होता मला माझा माणूस. मीच दार लावून घेतलं, अन् वर टाळ्या घेतल्या.

डॉक्टर म्हणतात, तुमच्यामुळं नाही मावशी, आजाराची पुढची पायरी. असेल. ती पायरी मला पाठ आहे. पण त्या दिवशी तो खालचा सूर पायरीवरनं उतरणाऱ्या माणसाचा नव्हता. हे मी डॉक्टरला कसं समजावू?

मला आता 'बाई' म्हणतात. सकाळी गोळी दिली तर म्हणाले, "बाई, माझी बायको सुमन. तिला बरं नाही. तिला भेटायला सोडाल का मला?"

म्हटलं, सोडीन. आधी गोळी घ्या.

२२ डिसेंबर, रविवार

आज मंडळी येणार नाहीत असं वाटलं होतं. आली. अस्माची परीक्षा, तरी आली. हे खुर्चीत, शाल पांघरून, डोळे अर्धे मिटलेले.

मी सुरू केलं. ठरवून काही नाही केलं. तीन फेऱ्या झाल्या, पाय उचलायची वेळ आली अन् उचलवेना. म्हटलं, आणखी एक. यांचा हात शालीतून बाहेर येईल. मग आणखी एक. आता शिरतील खालून. त्या सुरासाठी जागा सोडून वाजवत होते मी. बिराजदारांचा घाम टपकायला लागला, भाऊंनी डोळे मिटले, कुणी थांबेना. थांबणार कसे, नियम. खांद्यातून आग निघत होती. मला कळत होतं मी काय करतेय, तरी थांबवत नव्हते.

अस्मानं गज खाली घेतला. भर फेरीत. इतक्या वर्षांत कुणी केलं नव्हतं ते या पोरीनं केलं. "काकू, बस. बस हो." मग एकेक करून सगळेच थांबले, शेवटी मी.

कुणी कुणाकडं बघेना.

खुर्चीतून आवाज आला. "का थांबलात? चांगलं चालू होतं की."

हे सरळ बसले होते. डोळे उघडे. मी उठले, पेटी उघडली, व्हायोलिन काढून यांच्यापुढं धरलं. यांनी ते निरखून बघितलं. एका खुंटीला बोट लावलं, हलकंच फिरवली.

मग हात परत मांडीवर ठेवला.

"सुमनला येऊ द्या," म्हणाले. "ती आल्याशिवाय मी सुरू करत नसतो."

मी म्हटलं, "येईल हां ती. बसा तोवर."